पौर्णिमेनंतरचा रविवार

(दृश्य: स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर. पंख्याच्या वाऱ्याने एप्रिलचं पान हलतंय.)

नाताळ कधी, हे कुणाला विचारावं लागत नाही. ईस्टर मात्र दर वर्षी कॅलेंडरात शोधावा लागतो. कधी मार्चअखेर, कधी एप्रिल सरत आल्यावर. तारखांवरून त्याचा हिशेब लागत नाही, चंद्राकडे बघितलं की लागतो. बहुतेक वर्षी होळीची, नाहीतर हनुमान जयंतीची पौर्णिमा झाली, की पुढचा रविवार ईस्टरचा. २०१९ साली तर गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती एकाच दिवशी आले होते, १९ एप्रिलला.

(दृश्य: जेरुसलेमची जुनी तटबंदी, वर चंद्र.)

हा चंद्र आला ज्यूंच्या वल्हांडणातून. मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा तो सण, निसान महिन्याच्या पौर्णिमेचा. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल लोकांनीही तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला, घरातलं आंबट साठवणीचं भांडं झाकून ठेवून. याच वल्हांडणाच्या दिवसांत येशूला क्रुसावर दिलं, आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे, कबर रिकामी सापडली, असं बायबलमधली शुभवर्तमानं सांगतात. ईस्टर हा त्याचाच सण.

म्हणून कितीतरी भाषांत या सणाचं नाव वल्हांडणाच्या हिब्रू नावावरून, 'पेसाख'वरून पडलंय. ग्रीकमध्ये पास्का, फ्रेंचमध्ये पाक, आपल्या शेजारच्या कोकणीत पास्क. मग 'ईस्टर' कुठला? इंग्लंडमधल्या बीड नावाच्या साधूने (आपल्या बीडशी काही संबंध नाही) ७२५ साली लिहून ठेवलं, की इओस्त्रे देवीच्या महिन्यावरून हे नाव आलं. बीडने केलेला हा उल्लेख सोडला तर जुन्या लिखाणात ही देवी कुठे भेटत नाही. इंटरनेटवर तिची अख्खी चरित्रं वाचायला मिळतात, तो भाग वेगळा.

(दृश्य: जुनं हस्तलिखित, आकड्यांचे रकाने.)

भांडण जुंपलं ते तारखेवरून. आशिया मायनरमधले (आजच्या तुर्कस्तानातले) ख्रिस्ती म्हणत, वल्हांडणाचीच तिथी, निसानची चौदावी, वार कोणताही असो. रोमवाले म्हणत, रविवारच. आशिया मायनरमधल्या स्मर्ना शहराचे वृद्ध बिशप पॉलिकार्प यावर बोलायला थेट रोमला गेले. तिथले बिशप अनिसेटस आपल्या मतावरून हलले नाहीत, पॉलिकार्पही नाहीत. तरी दोघांनी एकत्र उपासना केली आणि सलोख्याने निरोप घेतला. पुढच्यांना हे जमलं नाही. शेवटी ३२५ साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने सांगितलं, सगळ्यांनी एकाच रविवारी सण करायचा. पुढे नियम बसला: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार.

नियम झाला, पण गणित करणार कोण? रोममध्ये राहणाऱ्या डायोनिसियस या साधूने ५२५ साली पुढच्या ईस्टरांचे तक्ते मांडले. तोवर अशा तक्त्यांत वर्षं मोजली जायची सम्राट डायोक्लेशियनपासून. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्याचं नाव या सणाच्या तक्त्यात कशाला, म्हणून याने वर्षं मोजली येशूपासून. आपला इसवी सन तो हाच.

एवढं करूनही गाडी घसरलीच. जुन्या कॅलेंडरचं वर्ष सुमारे ११ मिनिटांनी मोठं होतं. शतकं गेली, वसंत संपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, दहा दिवस अलीकडे सरकला, आणि त्याच्यासोबत ईस्टरचं गणितही बिघडलं. १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी दहा दिवस उडवूनच टाकले. ४ ऑक्टोबरला झोपलेली माणसं १५ ऑक्टोबरला उठली! भिंतीवरचं हे कॅलेंडर तेव्हाचं. बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च मात्र ईस्टरसाठी अजून जुनाच हिशेब धरतात. २०२४ साली आपल्याकडे ईस्टर ३१ मार्चला झाला, ग्रीसमध्ये ५ मेला.

(दृश्य: युक्रेन. एका बाईच्या हातात पांढरं अंडं.)

आता अंडी. पूर्वी ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना उपवास कुठला ठाऊक? अंडी साठत जायची आणि ईस्टरला पंगतीत यायची. ग्रीसमध्ये ती लाल रंगवतात आणि एकमेकांच्या अंड्यावर आपटून बघतात, कोणाचं टिकतं. युक्रेनमध्ये अंडं 'लिहितात'. बारीक नळीतून वितळलेल्या मधमाशीच्या मेणाची रेघ ओढायची, अंडं पिवळ्या रंगात बुडवायचं, पुन्हा रेघ, मग लाल, शेवटी काळा. जिथे मेण, तिथला रंग खाली दडून राहतो. सगळं काळंकुट्ट दिसतं. मग अंडं ज्योतीजवळ धरून मेण पुसलं, की आतली नक्षी एकेक रेघ करत वर येते. ईस्टरला अंडी घेऊन येणारा ससा जर्मनांचा. चॉकलेटचा ससा दुकानदारांचा.

(दृश्य: वसई. ईस्टरच्या आदली रात्र. चर्चमधले दिवे मालवलेले.)

चर्चबाहेर विस्तव पेटलाय. फादरांच्या पुढ्यात पास्काची उंच मेणबत्ती. प्रार्थना मराठीतून चाललीय. फादर टोकदार कोरणीने मेणात क्रूस ओढतात, वर ग्रीक मुळाक्षरांतलं पहिलं अक्षर, खाली शेवटचं. मग क्रुसाच्या चार कोपऱ्यांत चार आकडे, चालू वर्षाचे. मेणाचे बारीक पापुद्रे सुटून झग्यावर पडतात. डायोनिसियसने सुरू केलेली मोजणी आणखी एका वर्षाने पुढे गेलेली. मेणबत्ती विस्तवावर पेटते, आणि अंधारात उभी असलेली माणसं आपापल्या मेणबत्त्या पुढे करतात.