पातं फिरून गेल्यावर

मंडळी, आधी एक कबुली देतो. माझ्या कपाटात दाढीच्या साबणाचे एकोणीस डबे आहेत आणि तोंड एकच आहे. रोज दाढी केली तरी एक डबा तीन-चार महिने सहज पुरतो. म्हणजे पुढची पाच वर्षं मला साबण घ्यायचं कारण नाही. तरी विसावा मागवून झालाय. तेव्हा आज जे बोलतोय ते नादिष्ट माणसाचं बोलणं आहे, हे लक्षात ठेवून ऐका.

हे साबण बनवणारे लोक बहुधा एकटे-दुकटे असतात, थोड्या थोड्या मालात काम करतात. त्यांच्या डब्यात वेगळं काय असतं? अंगाचा साबण कॉस्टिक सोड्याने होतो, म्हणजे सोडियमचा. दाढीच्या साबणात मुख्य काम पोटॅशचं. पोटॅशियमचा साबण मऊ असतो, पाण्यात लवकर विरघळतो, ब्रशने पटकन उचलला जातो. थोडा सोडा घालतात तो वडीला अंग यावं म्हणून. आणि सगळ्या मालाचा राजा म्हणजे स्टिअरिक आम्ल, तेला-चरबीतून वेगळं काढलेलं एक मेदाम्ल. मेदाम्लं नावाची चीज असते हे मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं; त्याचा ग्रंथ 1823 चा. स्टिअरिकचे बुडबुडे इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत, आणि ते टिकतात. खोबरेल तेलाचा फेस झटकन येतो, मोठ्ठा येतो आणि तसाच झटकन बसतो. प्रमाण वाढलं तर कातडी ओढते. म्हणून कारागीर खोबरेल बेताने घालतो आणि स्टिअरिक भरपूर, कधी कधी निम्म्याच्या आसपास. सोबत चरबी, शिया किंवा कोकमाचं बटर.

इथे एक गंमत सांगतो. ‘आमच्या साबणात नैसर्गिक ग्लिसरीन राहतं’ असं डब्यावर लिहिलेलं असतं. खरं आहे, तेलाचा साबण होताना ग्लिसरीन सुटतं आणि घरगुती पद्धतीत ते काढून घेत नाहीत. पण सुटं स्टिअरिक आम्ल घातलं तर त्यातून ग्लिसरीन निघतच नाही. त्यामुळे पुष्कळ जण ते वरून ओततात. त्यात वाईट काहीच नाही, फक्त जाहिरात वाचताना एक भुवई वर ठेवावी.

आता माझ्या फजितीची गोष्ट. चंदनाच्या वासाचा, चरबीचा एक साबण मी मोठ्या हौसेने आणला. पहिल्याच दिवशी फेस असा आला की कापसाचा ढीग. पांढराशुभ्र, उभे सुळके. मी खूश. पातं गालावर टेकवलं आणि ते अडलं. हनुवटीखाली तर खरवडल्यासारखं झालं, वर तुरटी फिरवली तेव्हा मान पेटली. साबण भिकार, असा निकाल देऊन डबा मागे ढकलला. आठ महिने तो तिथेच होता.

मग एकदा पाण्याचा विचार डोक्यात आला. नळाचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधी साबणाला धरतं, न विरघळणारा चिकट साका होतो. बेसिनला जे पांढरट कडं बसतं ना, तेच. तेवढा साबण दाढीच्या कामातून बाद. म्हणून बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणलं, त्यातच ब्रश भिजवला आणि तोच डबा काढला. या वेळी साबण ब्रशवर जास्त वेळ घोळवला, अर्धा मिनिट तरी. वाटीत फेटायला घेतल्यावर पुन्हा तो कापूस आला. पण थांबलो नाही. ब्रशची फक्त टोकं पाण्यात बुडवायची, फेटायचं. परत बुडवायची, परत फेटायचं. चौथ्या-पाचव्या वेळेला सुळके मोडले, फेस खाली बसला आणि त्याच्यावर ओल्या रंगासारखी चकाकी आली. दिसायला पहिल्यापेक्षा गरीब फेस. पातं मात्र त्याच्यावरून असं गेलं की मी दोनदा तपासलं, ब्लेड बसवलंय ना!

म्हणजे माझ्या हातून दोन चुका झाल्या होत्या, पाण्याची आणि फेटण्याची, आणि शिक्षा भोगली साबणाने. कापसासारखा फेस म्हणजे त्यात हवा जास्त, पाणी कमी. आणि दाढीत काम पाणीच करतं. कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजला की फुगतो, नरम पडतो. ते पाणी केसाशी धरून ठेवणं ही साबणाची नोकरी.

त्या दिवसापासून माझी साबणाची परीक्षा एकच. पातं एकदा फिरून गेलं, गालावर फेस उरला नाही, अशा जागी ओलं बोट फिरवायचं. सरकतं की अडखळतं? कारण खरी इजा पहिल्या हाताला होत नाही. राहिलेला एखादा खुंट दिसतो, आपण फेस न लावता तिथेच पुन्हा पातं ओढतो, तेव्हा होते. ओलं बोट सरकत असेल तर तो साबण माझ्या लेखी पास, वास कसाही असो.

वासाचं बोलायचं तर माणूस डबा उघडून हुंगतो आणि तिथेच विरघळतो; मीही विरघळतो. पण लवंगेच्या तेलाचा एक साबण नाकाला फार आवडला आणि गालाला अजिबात नाही. दिवसभर कानापर्यंत लाल होतो. नवीन साबण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा. मेन्थॉलचंही तसंच. ते कातडी थंड करत नाही, थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवतं. म्हणजे आग होत असली तरी ती झाकली जाते. साबण पारखताना असा साक्षीदार नको.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नवा साबण, नवा ब्रश, नवं ब्लेड एकाच सकाळी आणलं, तर दाढी बिघडल्यावर कोणाला धरणार? मी रेझर तोच, ब्लेड त्याच जातीचं ठेवतो आणि एका साबणाला निदान पाच दाढ्या देतो. पहिल्या दोन तर त्याला पाणी किती लागतं हे कळण्यातच जातात.

एक चिठ्ठी आली आहे: सुरुवात कुठल्या साबणाने करावी? बिनवासाच्या. पंधरा-वीस ग्रॅमचा नमुना मिळाला तर तोच घ्या, दहा-बारा दाढ्या होतील. हुंगायला काही नसल्यामुळे लक्ष आपोआप बोटाकडे जातं. मी स्वतः मात्र असा एकही डबा बाळगत नाही, हेही सांगून टाकतो.