गोळी सुरू होते, टिकत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

बीपी आणि शुगर हे बसून खाणाऱ्यांचे आजार, हा समज आता मोडीत काढायला हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब. त्यात आपल्या नागपुरातल्या कॉटन मार्केटमधले हमालही आले आणि मिहानमधल्या कंपन्यांत खुर्चीवर बसणारेही.

आजार सापडणं आता तितकं अवघड राहिलेलं नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, कंबर मोजतात, तंबाखू खाता का ते विचारतात. घोडं अडतं ते पुढे. गोळी सुरू होते आणि दोन-तीन महिन्यांत बंद पडते.

ती का बंद पडते, ते नीट समजून घ्या. बीपीसाठी बहुतेक ठिकाणी पहिली गोळी मिळते ती अॅम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम. ही सावकाश चढते आणि सावकाशच उतरते. पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर तरी लागतो, आणि गोळी सोडल्यावर पुढचे काही दिवस आकडा बराचसा ठीकच राहतो. माणूस गोळी सोडतो, तिसऱ्या दिवशी बीपी मोजतो, १३० येतं, आणि म्हणतो, "बघा, बरा झालो!" पंधरा दिवसांनी तोच आकडा १६० झालेला असतो, पण तेव्हा कुणी मोजत नाही, कारण दुखत काहीच नाही. दुसरं कारण पायाच्या घोट्याला येणारी सूज. ती काहींना याच गोळीमुळे येते. डॉक्टरांना सांगितलं तर ते गोळी बदलून देतात. न सांगता सोडली, तर सूज जाते आणि बीपी परत येतं.

तिसरं कारण सरळ पोटाचं आहे. रोजंदारीवरच्या माणसाला गोळ्यांच्या रांगेत उभं राहायचं तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात एकदम ३० दिवसांच्या गोळ्या देण्यावर आणि घराजवळच्याच केंद्रात पुन्हा तपासण्यावर भर दिला गेला. महाराष्ट्रात त्याची सुरुवात ज्या जिल्ह्यांत झाली, त्यांत आपले शेजारी भंडारा आणि वर्धाही होते. तेव्हा दर वेळी मेडिकल किंवा मेयोसारखं मोठं सरकारी रुग्णालय गाठायची गरज नाही. शेवटची पट्टी उघडली की त्याच आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात जा. पट्टी रिकामी होण्याची वाट पाहू नका.

आता मोजण्याबद्दल, कारण गोळी वाढवायची की नाही हे या आकड्यावर ठरतं. जिने चढून आल्या-आल्या दंडाला पट्टा बांधून घेऊ नका. अर्धा तास आधी चहा नको, विडी नको, खर्रा नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा हवा आणि हात टेबलावर, छातीच्या पातळीत. हात लोंबकळत राहिला किंवा मोजताना गप्पा चालू असल्या, तर वरचा आकडा सहज दहाने चढतो. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर त्याहूनही जास्त. दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरहून अधिक असेल तर मोठा पट्टा मागा, संकोच करू नका. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायला सांगा आणि दोन्ही आकडे कार्डावर लिहून घ्या. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं, तर तो उच्च रक्तदाब.

मिठाचा हिशेब घरातल्या पुडीवरून करा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते. चौघांच्या घरात एक किलोची पुडी ५० दिवस पुरली पाहिजे. महिन्यातच संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलात, आणि लोणचं, पापड, तर्रीपोह्यावरचा चिवडा वेगळाच.

नागपूरचा उन्हाळा या आजारांना वेगळंच वळण देतो. पारा ४५ वर गेला की घामातून पाणी आणि क्षार जातात. त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उभं राहताच भोवळ येते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आधी बसून, मग उभं राहून बीपी मोजून घ्या आणि डॉक्टरांना दोन्ही आकडे सांगा. उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी विचारा, कारण अशा वेळी बीपीची टेल्मिसार्टन आणि शुगरची मेटफॉर्मिनसुद्धा काही दिवस थांबवावी लागू शकते.

इन्सुलिनची बाटली मे महिन्यात फळीवर ठेवू नका. फ्रिज असेल तर दाराच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याजवळ नको, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. फ्रिज नसेल तर दोन मडकी घ्या, मधल्या जागेत ओली वाळू भरा, बाटली पिशवीत गुंडाळून आतल्या कोरड्या मडक्यात ठेवा. वर ओलं फडकं टाका आणि मडकी सावलीत, हवेशीर जागी राहू द्या. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेली असेल तर तापल्या फरशीवर अनवाणी चालू नका, मंदिरातसुद्धा. फोड आलेला दिसेपर्यंत कळतच नाही. रात्री तळवे आरशात पाहा किंवा घरच्यांना दाखवा. डोळ्यांचा पडदा, आणि मूत्रपिंडासाठी लघवीतलं प्रथिन व रक्तातलं क्रिएटिनिन वर्षातून एकदा तपासा. शुगर चांगली असली तरी.

आणि एक तातडीची गोष्ट. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. अशा वेळी घरातली बीपीची जास्तीची गोळी देऊ नका, काही खायला-प्यायलाही घालू नका. १०८ ला फोन करा. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही डोक्याचा स्कॅन झाल्यावर. म्हणून माणूस शेवटचा ठणठणीत दिसला ती वेळ सांगा आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या.