दमा आणि श्वासाचे व्यायाम: पंप बाजूला ठेवायचा नाही

नमस्कार. एक हात छातीवर ठेवा, दुसरा पोटावर, बेंबीच्या जरा वर. श्वास मुद्दाम बदलू नका. कुठला हात जास्त हलतोय? वरचा हलत असेल, खांदेही किंचित उचलले जात असतील, तर हा व्हिडिओ तुमच्यासाठी आहे.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते, भोवतीचे स्नायू आवळतात, कफ साठतो. खरा त्रास होतो श्वास सोडताना. आतली हवा पुरती बाहेर पडलेली नसते, तोच आपण घाबरून पुढचा श्वास ओढतो. तोंडाने, भराभर. नाकातून जाताना हवा ऊबदार आणि ओलसर होते. तोंडाने ती थंड, कोरडी तशीच आत जाते आणि नलिका आणखी आवळतात. पुढे दमा शांत असला तरी ही सवय सुटत नाही. व्यायामाने सुधारते ती ही सवय. सूज नाही.

ब्रिटनमधल्या ६५५ जणांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. काही जण फिजिओथेरपिस्टसमोर बसून व्यायाम शिकले, काही घरीच डीव्हीडी बघून. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा वर्षभरानंतर दोन्ही गटांचं रोजचं जगणं सुसह्य झालं होतं. फुफ्फुसांच्या तपासणीचे आकडे मात्र होते तिथेच. म्हणून 'व्यायाम करा, पंप सोडा' असं कुणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. रोजचा पंप सूज आटोक्यात ठेवतो, ते काम श्वासाने होत नाही.

आणि अटॅक आला तर व्यायाम नंतर. सरळ बसा, आडवं होऊ नका, डॉक्टरांनी दिलेला आराम पडण्याचा पंप घ्या. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने उतार पडत नसेल, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आता व्यायाम, बरं वाटत असतानाच करायचा. टेकून बसा, खांदे सैल. नाकाने हलका श्वास घ्या. हलका म्हणतेय मी! बरेच जण इथेच चुकतात, छाती भरून श्वास घेतात आणि मग गरगरतं. तसं झालं तर थांबा. पोटावरचा हात पुढे येऊ दे, छातीवरचा जवळपास स्थिर. शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडा, जोर न लावता.

चला, माझ्याबरोबर. आत, एक, दोन. बाहेर, एक, दोन, तीन, चार.