टी.सी. काढण्याआधी

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

दृश्य: महाविद्यालयाचं कार्यालय, जुलैची सकाळ. खिडकीबाहेर विद्यार्थ्यांची रांग. हातात प्लास्टिकच्या फायली.

निवेदन:
बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपतं आणि एखाद्याच्या लक्षात येतं की भौतिकशास्त्रात आपलं मन नाही. अर्थशास्त्र शिकायचंय, आणि तेही सांगलीत नाही, पुण्यात. असं ठरवलेला विद्यार्थी बहुतेक वेळा सर्वांत आधी कार्यालयाच्या खिडकीवर जातो आणि टी.सी. मागतो. खरं तर टी.सी. मागायची वेळ सगळ्यात शेवटी येते. त्याआधी करायची कामं बरीच आहेत आणि त्यांचा क्रम चुकला तर वर्ष जातं.

सांगलीतलं संलग्न महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात येतं, पुण्यातलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात. म्हणजे इथे एकाच वेळी दोन बदल आहेत. विद्यापीठ बदलतंय आणि विद्याशाखाही बदलतेय. नुसतं महाविद्यालय बदलायचं असेल आणि विद्यापीठ तेच राहणार असेल, तर दोन्ही महाविद्यालयांचं ना-हरकत पत्र, टी.सी. आणि विद्यापीठाची मंजुरी एवढ्यावर बहुधा काम होतं. विद्यापीठ बदललं की स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, ज्याला सगळे मायग्रेशन म्हणतात. नव्या विद्यापीठाकडून पात्रता प्रमाणपत्र, म्हणजे एलिजिबिलिटी, घ्यावी लागते. पीआरएन, म्हणजे विद्यापीठातला कायम नोंदणी क्रमांक, तोही नवा मिळतो. शाखा बदलली की याशिवाय आणखी एक प्रश्न उभा राहतो: आधी शिकलेल्यातलं काय धरलं जाणार?

दृश्य: बारावीची गुणपत्रिका, जवळून.

निवेदन:
शाखाबदलाचा रस्ता दोन्ही बाजूंनी सारखा खुला नसतो. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्याला कला शाखेत प्रवेश मिळतो, वाणिज्यमध्येही बहुतेक ठिकाणी मिळतो. कला शाखेतून बारावी झालेल्याला बी.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी जाता येत नाही, कारण त्या प्रवेशाची पात्रता बारावीच्या विषयांवर ठरते आणि पदवीच्या वर्षात कितीही चांगले गुण मिळाले तरी ती बदलत नाही. विज्ञानातल्या विज्ञानातही हे आडवं येतं. ज्या अभ्यासक्रमाला बारावीचं गणित लागतं, तिथे जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेला विद्यार्थी अडकतो. म्हणून नव्या अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात पहिल्या वर्षाच्या प्रवेशाची पात्रता आधी वाचायची. दुसऱ्या वर्षात थेट जाणाऱ्यालाही तीच लागू होते.

आणखी एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. खरंच सोडून जायची गरज आहे का? राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. स्वायत्त महाविद्यालयांत ती वर्षभर आधीच आली होती. या रचनेत मुख्य विषय म्हणजे मेजर, दुय्यम विषय म्हणजे मायनर आणि दुसऱ्या विद्याशाखेतला खुला वैकल्पिक विषय असतो. अनेक ठिकाणी पहिल्या वर्षाच्या शेवटी मेजर आणि मायनर ठरवायची मुभा आहे. रसायनशास्त्र नको, वनस्पतिशास्त्र हवं, एवढीच अडचण असेल तर विभागप्रमुखांकडे एक अर्ज करून ती सुटू शकते. त्यासाठी जिल्हा सोडायला नको.

दृश्य: दोन अभ्यासक्रम पत्रिका शेजारी शेजारी. पेन्सिलीने केलेल्या खुणा.

निवेदन:
आता मुख्य कामाकडे येऊ. पदवीचं पहिलं वर्ष म्हणजे ४० ते ४४ क्रेडिट. व्याख्यानाचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. हे सगळे क्रेडिट एका ढिगात नसतात. प्रत्येकाला कप्पा ठरवून दिलेला असतो, आणि नवं विद्यापीठ एकूण बेरीज पाहत नाही, एकेक कप्पा पाहतं.

बी.एस्सी.मधून बी.ए.ला जाणाऱ्याचे कोणते कप्पे सोबत येऊ शकतात? भाषेचे, म्हणजे क्षमता संवर्धनाचे. पर्यावरण किंवा संविधान यांसारख्या मूल्यशिक्षणाचे. भारतीय ज्ञान प्रणालीचे. एनएसएस, क्रीडा, सांस्कृतिक अशा सहअभ्यासक्रमांचे. राज्याच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या वर्षात हे सगळे मिळून साधारण १४ क्रेडिट होतात, विद्यापीठागणिक थोडं इकडेतिकडे. हे शाखेवर अवलंबून नसल्यामुळे यांचा दावा सर्वांत भक्कम असतो.

भौतिकशास्त्राच्या मेजरचे क्रेडिट मात्र अर्थशास्त्राच्या मेजरमध्ये बसत नाहीत. पण ते लगेच वाया गेले असंही समजू नका. खुला वैकल्पिक विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो. तुम्ही कला शाखेत गेलात की विज्ञान ही तुमच्यासाठी बाहेरची शाखा झाली. म्हणजे भौतिकशास्त्राचा एखादा पेपर या कप्प्यात मागता येतो. उलट बी.एस्सी.ला असताना खुला वैकल्पिक म्हणून घेतलेलं अर्थशास्त्र आता त्या कप्प्यात राहू शकत नाही. ते मेजरमध्ये धरा, अशी विनंती करावी लागते, आणि तिथे अभ्यासक्रम पुरेसा जुळतो का हे पाहिलं जातं. हा विचार फारच थोडे विद्यार्थी करून येतात. जो करून येतो त्याचा अर्ज नव्या विद्यापीठात तो तपासणाऱ्या समितीला वाचण्यासारखा वाटतो.

हा निर्णय समकक्षतेचा, म्हणजे जुना पेपर नव्याच्या तोडीचा आहे का याचा, असतो आणि तो शीर्षक पाहून होत नाही. जुन्या पेपरचं नाव, सांकेतांक, क्रेडिट, तास, घटकवार अभ्यासक्रम आणि मिळालेली श्रेणी, आणि त्यासमोर नव्या विद्यापीठाच्या कोणत्या पेपरऐवजी तो धरावा, असा तक्ता स्वतः तयार करा. सोबत जुन्या अभ्यासक्रमाची प्रत जोडा. तीही त्याच वर्षीच्या पॅटर्नची, प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी. संकेतस्थळावरून उतरवलेली नवी प्रत जोडली की तुमच्या गुणपत्रिकेवरचे सांकेतांक तिच्याशी जुळत नाहीत आणि अर्ज परत येतो.

उत्तर तोंडी घेऊ नका. "या, होऊन जाईल" असं प्रवेशाच्या काळात कुणीही सांगतं. कोणते पेपर धरले, कोणते जादा द्यावे लागतील आणि कोणत्या सत्रात, हे कागदावर हवं. जादा पेपर चारपेक्षा जास्त निघत असतील, तर थेट दुसऱ्या वर्षाचा हट्ट सोडून पहिल्या वर्षापासून सुरुवात करणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. दुसऱ्या वर्षाचे नियमित पेपर, त्यावर मागचे, आणि ज्या विषयाचा पाया घातलेला नाही त्याचा पुढचा भाग, या ओझ्याखाली चांगली मुलं दोन्हीकडे नापास होतात. वर्ष वाचवायला जाऊन दीड वर्ष जातं.

दृश्य: फळ्यावर आकडेमोड: ४४, ८८, १३२, १७६.

निवेदन:
दुसऱ्या वर्षानंतर बदल करणाऱ्यांसाठी एक हिशेब. विद्यार्थ्याने मिळवलेले क्रेडिट ऑनलाइन खात्यात जमा ठेवणाऱ्या शैक्षणिक क्रेडिट बँकेचे विनियम २०२१ मध्ये आले. त्यांच्यानुसार जी संस्था पदवी देणार, तिच्याकडून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवलेले असले पाहिजेत. तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची धरली, तर निम्मे झाले ६६. दोन वर्षं पूर्ण करून ८८ क्रेडिट घेऊन आलात, तर नव्या ठिकाणी उरतात ४४. म्हणजे सगळेच्या सगळे क्रेडिट मान्य झाले तरी शेवटच्या एका वर्षात तिथली पदवी मिळू शकत नाही. चार वर्षांची ऑनर्स पदवी १७६ क्रेडिटची असेल, तर ८८ गेले आणि ८८ राहिले, बरोबर निम्मे. विद्यापीठ बदलायचंच असेल तर पहिल्या वर्षाचा शेवट ही त्यातल्या त्यात बरी वेळ, ती या कारणाने.

बँकेत जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. पहिल्या वर्षानंतर थांबायचं असेल तर ठरलेले जादा ४ क्रेडिट पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. घरची अडचण असलेल्या मुलामुलींसाठी ही सोय मोलाची आहे. नुसतं नाव काढून घेण्यापेक्षा ती कधीही चांगली.

दृश्य: मोबाइलवर डिजिलॉकर उघडलेलं. "नोंद आढळली नाही."

निवेदन:
क्रेडिट मिळाले आहेत, पण खात्यात दिसत नाहीत. ही तक्रार खूप मुलांची असते आणि कारण बहुतेकदा नावात असतं. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं. आधार कार्डावर स्वतःचं नाव आधी, कधी वडिलांचं नाव गाळलेलं, कधी एखादं अक्षर कमीजास्त. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक, आधारवरून तयार होतो आणि विद्यापीठाची नोंद बारावीवरून. दोन्ही जुळले नाहीत की क्रेडिट अडकतात. अपार आयडी १२ अंकी असतो. तो परीक्षा अर्जात बरोबर भरला होता का, हेही पाहा. विद्यापीठाच्या नोंदीतली दुरुस्ती जुन्या महाविद्यालयातूनच होते, म्हणून तिथे नाव आहे तोवर ती करून घ्या. नंतर त्या कार्यालयाच्या दृष्टीने तुम्ही माजी विद्यार्थी असता आणि काम लांबतं.

एटीकेटी असेल, म्हणजे एखादा पेपर राहूनही पुढच्या वर्षात गेला असाल, तर जास्त सावध राहा. राहिलेला पेपर जुन्या विद्यापीठाचा असतो आणि नव्या विद्यापीठात तो विषयच नसतो. तो तिकडेच सोडवावा लागतो, आणि मायग्रेशन घेतलं की जुन्या विद्यापीठाची नोंदणी बंद होते. सर्व पेपर सुटल्याशिवाय बदलाचा अर्ज करू नये, हा आमचा स्पष्ट सल्ला. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केलेला असेल तर त्याचा निकालही हातात येऊ द्या. श्रेणी बदलली की गुणपत्रिका बदलते आणि आधी दिलेले कागद जुने ठरतात.

आता कागदांचा क्रम. आधी नव्या ठिकाणी जागा रिकामी असल्याची खात्री. मग समकक्षतेचं लेखी उत्तर. मग तात्पुरता प्रवेश. त्यानंतर जुन्या महाविद्यालयात टी.सी.चा अर्ज, ग्रंथालय आणि प्रयोगशाळेचं येणं-देणं मिटवून. मग टी.सी. आणि गुणपत्रिकांच्या आधारे विद्यापीठाकडून मायग्रेशन. ते आलं की नव्या विद्यापीठाकडे अंतिम पात्रतेचा अर्ज. नवं महाविद्यालय मायग्रेशन आणून देण्यासाठी हमीपत्रावर मुदत देतं. ती मुदत किती, हे हमीपत्रावर सही करण्याआधी वाचा.

दृश्य: शुल्काची पावती.

निवेदन:
भरलेल्या शुल्काचं काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत टप्पे ठरलेले आहेत. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत, फक्त प्रक्रियेसाठी ५ टक्के आणि तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये वजा. त्या तारखेला १५ पेक्षा कमी दिवस उरले असताना ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, तिथून ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. मोजणी तुम्ही पैसे भरल्याच्या दिवसापासून होत नाही, संस्थेच्या अंतिम तारखेपासून होते. रद्द करण्याचा अर्ज दिल्याची पोच तारखेसह घ्या. मूळ गुणपत्रिका आणि दाखले अडवून ठेवायचा अधिकार संस्थेला नाही, हेही याच अधिसूचनेत आहे.

शिष्यवृत्तीचा प्रश्न नाजूक आहे आणि तो कुणी आपणहून सांगत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत, ज्या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती मंजूर झाली तो, किंवा संस्था, शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. एक पदवी पूर्ण करून पुन्हा त्याच पातळीवरची दुसरी पदवी घेतली, बी.ए.नंतर बी.कॉम., तर ती मिळतच नाही. म्हणून समाजकल्याण कार्यालयात आधी लेखी अर्ज, मग बदल. व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना मिळणारी शुल्कमाफीही केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्यांसाठी आहे, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेलाही आधी कळवावं लागतं, कारण कर्ज त्या संस्थेच्या त्या अभ्यासक्रमासाठी मंजूर झालेलं असतं.

वर सांगितलं ते कला, वाणिज्य आणि विज्ञानाचं. व्यावसायिक शिक्षणाचे नियम त्या त्या परिषदेचे. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात मधल्या वर्षात प्रवेश बार कौन्सिलच्या नियमांनुसार बंद आहे. अभियांत्रिकीत थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश मुख्यतः पदविकाधारकांसाठी आहे. बीबीए आणि बीसीए २०२४-२५ पासून तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, त्यामुळे तिथे पहिल्या वर्षासाठी सीईटीचा विचार आधी करावा लागतो.

दृश्य: नवं महाविद्यालय. सूचना फलकावर परीक्षा अर्जाची तारीख.

निवेदन:
प्रवेश झाल्यावर दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली उपस्थिती. उशिरा आलेल्याचेही तास पहिल्या दिवसापासून मोजले जाण्याचा धोका असतो, म्हणून प्रवेशाच्या तारखेपासून मोजावेत असा अर्ज त्याच आठवड्यात द्या. दुसरी अंतिम पात्रता. ती परीक्षा अर्जाच्या आत झाली नाही, तर हॉलतिकीट किंवा निकाल राखून ठेवला जातो. दर पंधरा दिवसांनी पात्रता विभागात चौकशी करा.

मान्य झालेले जुने पेपर नव्या निकालपत्रावर श्रेणीसह येणार की फक्त सूट म्हणून, आणि सीजीपीएमध्ये, म्हणजे एकूण सरासरी श्रेणीत, धरले जाणार का, हेही विचारून घ्या. पदव्युत्तर प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत त्याने फरक पडतो. आणि जुन्या विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांचा अधिकृत तपशील, तिथून निघतानाच काढून ठेवा. परदेशात पुढे शिकायचं असेल तर दोन्ही विद्यापीठांची वेगवेगळी मागितली जाते. चार वर्षांनी पुण्याहून पुन्हा कोल्हापूरला खेपा घालण्यापेक्षा ती मायग्रेशनच्या अर्जाबरोबरच मागितलेली बरी.