पुण्याच्या वाळवणात फळे का नाहीत?

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

घरात उरलेली फळे कशी वाळवावीत, असा विषय पत्रिकेवर छापला आहे आणि त्या कृतीकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एक विसंगती आपल्यापुढे मांडणे मला अगत्याचे वाटते. आंब्याची साठ, फणसपोळी, आमसुले, वसईची सुकेळी हे आपले सारे वैभव समुद्रकाठच्या दमट हवेत सिद्ध झाले. याउलट ज्या पुण्यात एप्रिलमध्ये पारा ३८ ते ४० अंशांवर जातो आणि दुपारची हवा खणखणीत कोरडी असते, तेथे आपण पापड, कुरडया आणि सांडगे वाळवले, फळांच्या वाटेला मात्र गेलो नाही. उन्हात फळ वाळवायचे तर हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असावी लागते, आणि ही अट पुण्याचा उन्हाळा जितक्या सहजपणे पुरी करतो तितकी कोकणचा करू शकत नाही. (सभागृहात कोकणातील मंडळी असतील, तर त्यांनी हा हवामानाचा दोष समजावा, माणसांचा नव्हे.)

पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही पुणेकराच्या डब्यातील सुके अंजीर बहुधा अफगाणिस्तानातून आलेले असते. आपल्या अंजिराची साल पातळ आणि गोडी बेताची असल्यामुळे ते ताजेच खपते, हे मला मान्य आहे. पण हे कारण चिकूला, केळ्याला आणि द्राक्षाला लागू पडत नाही.

आता माझे गाऱ्हाणे ऐकावेच लागेल. मी राहतो त्या सोसायटीच्या कार्यकारिणीने गच्चीला कुलूप लावले आहे. मार्केट यार्डातून पेटीने आणलेले चिकू घरात एकदमच पिकले, तेव्हा मी चार ताटे उन्हात ठेवण्यासाठी रीतसर अर्ज केला. वाळवणामुळे कबुतरे येतात, असे लेखी उत्तर मला मिळाले. कबुतर हा दाणे टिपणारा पक्षी आहे, चिकूच्या फोडीत त्याला रस नाही, आणि गच्चीवर ज्वारी कोण टाकते हे संपूर्ण इमारतीला ठाऊक आहे, असे मी उलट कळविले. त्यावर पुढील सभेत ठराव झाला, तो इमारतीच्या शोभेविषयी. त्याच गच्चीवर मोबाइल कंपनीचा मनोरा भाड्याने उभा आहे. त्याने शोभेला बाधा येत नाही, कारण तो देखभाल खर्चाला हातभार लावतो. चिकूंची दोन ताटे मी अखेर पश्चिमेच्या खिडकीच्या जाळीवर वाळवली आणि ती उत्तम वाळली. म्हणून ज्यांच्याकडे गच्ची नाही...

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा कृती भरभर सांगतो. ताज्या द्राक्षात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि बेदाण्यात साधारण १५; म्हणूनच चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर पडू देत नाही. तासगावकडे पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात घड बुडवतात ते यासाठीच. घरी द्राक्षे क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून लगेच थंड पाण्यात टाकली तरी साल तडकते. चिकू आणि केळी यांच्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात आणि केळी काळवंडू नयेत म्हणून त्यांना लिंबाचा रस लावावा. वरून मलमलीचे कापड घालावे आणि सूर्यास्तापूर्वी ताटे आत घ्यावीत. ओव्हन वापरायचा असेल, तर तो ६० अंशांच्या आसपास ठेवावा. घाईने आच वाढवली की वरची बाजू कडक होते, आतला ओलावा कोंडला जातो आणि बुरशी धरते. सीताफळाच्या नादी लागू नये, कारण तापवले की त्याचा गर कडवट होतो.

चकती वाकवली असता मोडू नये आणि दाबली असता ओल दिसू नये, इतकी वाळवावी. मग बरणी दोन तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवावी, म्हणजे कमी-अधिक राहिलेला ओलावा सर्व चकत्यांत सारखा होतो. काचेवर आतून बाष्प दिसल्यास सर्व चकत्या पुन्हा उन्हात घालाव्यात. हे सारे मृगाच्या आत उरकावे. त्यानंतर पुण्याच्या हवेवर भिस्त ठेवता येत नाही.