१८६३ साल, एकाच कागदावर

नमस्कार. पुढच्या महिन्यातल्या आपल्या स्केचिंगच्या सहलीचा बेत सगळ्यांना मिळालेला आहे. सकाळी ऑकलंड संग्रहालयातली माओरी दालनं, दुपारी डोमेनच्या हिरवळीवर डबे आणि मग माउंट अल्बर्टमधलं ‘अल्बर्टन’ हे जुनं घर. बेत वाचून इथल्याच एका काकूंनी मला विचारलं, “अरे, एक दिवस माओरी करू, एक दिवस गोऱ्यांची घरं करू. सगळं एकाच दिवशी कोंबायचा अट्टहास कशाला?” काकू, आजचं बोलणं तुमच्या या प्रश्नासाठीच आहे. माझं म्हणणं असं, की ही दोन्ही चित्रं एकाच दिवशी आणि जमलं तर एकाच कागदावर काढायला हवीत. का, ते १८६३ या सालावरून दाखवतो. पण आधी होतुनुईबद्दल बोलतो, कारण सकाळी आपण पहिल्यांदा तिथेच बसणार आहोत.

होतुनुई हे संग्रहालयात असलेलं फारेनुई, म्हणजे माओरी सभाघर. १८७८ साली फाकातानेच्या न्गाती अवा लोकांनी ते कोरलं आणि उभं केलं, टेम्स गावच्या तैपारी घराण्यासाठी. न्गाती अवांच्या अपानुई या मुख्याची मुलगी मेरेआना मोकोमोको त्या तैपारी घरात दिली होती. लेकीच्या सासरी आहेर केला तो अख्ख्या सभाघराचा! इथे बसलेल्या मुलींच्या बापांनी घाबरून जाऊ नये, आपल्याकडे ती रीत नाही. पण त्या घरात बसाल तेव्हा हे डोक्यात असू द्या, की एका मुलीचं माहेर तिच्या पाठोपाठ तिथवर गेलं होतं.

आत जाताना चपला-बूट बाहेर काढायचे. हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. खाणंपिणं दालनात अजिबात नको, आणि शाईची पेनं नकोत, फक्त पेन्सिल. चित्र काढताना एक कळकळीची विनंती आहे : नक्षीपासून सुरुवात करू नका. भिंतीतल्या कोरीव फळ्यांवर, म्हणजे पोउपोउंवर, इतकी वेटोळी आहेत की डोळा त्यातच अडकतो आणि तासाभराने कागदावर नुसत्या भिंगऱ्या उरतात. आधी डोकं शोधा. पाउआच्या शिंपल्याचे चकाकणारे डोळे दिसले की डोकं सापडलं. मग खांदे, पोटावर टेकलेले हात, बऱ्याच ठिकाणी तीनच बोटं, मग वाकलेले गुडघे. तो एक माणूस आहे, कोणाचा तरी पूर्वज आहे. तो कागदावर नीट उभा राहिला की नक्षी त्याच्या अंगावर चढवा.

आणि घर स्वतःच एक पूर्वज असतं. आढं हा त्याचा कणा, छताचे वासे या बरगड्या, दर्शनी बाजूच्या तिरक्या फळ्या हे पसरलेले हात, वर माथ्याला चेहरा. आपण आत बसतो ते त्याच्या छातीशी.

आता मी थोडा रस्ता सोडणार आहे, कारण ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. होतुनुईच्या तीन वर्षं आधी, १८७५ मध्ये, याच न्गाती अवांनी फाकातानेला माताआतुआ नावाचं सभाघर बांधलं होतं. तो काळ लक्षात घ्या. सरकारने त्यांच्या जमिनी जप्त केल्या होत्या, माणसं विस्कटली होती. ते घर सगळ्यांना पुन्हा एका आढ्याखाली आणण्यासाठी होतं. आणि ते उभं राहून चार वर्षं होतात न होतात तोच सरकारने ते सिडनीच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी मागून घेतलं. १८७९ साल. तिथे ते कसं उभं केलं? भिंती उलट्या लावून! आतल्या कोरीव फळ्या बाहेर तोंड करून ठोकल्या, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आत शिरायची तसदी नको, चालता चालता सगळं दिसावं.

छातीच्या आतले पूर्वज बाहेर काढून रस्त्याकडे तोंड करून उभे केले. ज्यांनी ते केलं त्यांच्या मनात दुष्टावा होता असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. त्यांनी फक्त नक्षी पाहिली. नक्षी दिसावी एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तेवढ्या इच्छेनं घराचं घरपण गेलं. पुढे ते मेलबर्नला गेलं, मग लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात. तिथेही आधी उघड्यावर उभं केलं, मग कित्येक दशकं गुंडाळून ठेवलं. १९२४ मध्ये वेम्बलीचं साम्राज्य प्रदर्शन, १९२५ मध्ये परत न्यूझीलंड, पण घरी नाही. ड्युनेडिनच्या प्रदर्शनात, आणि तिथून तिथल्याच संग्रहालयात. न्गाती अवा मागत राहिले. १९९६ मध्ये ते फाकातानेला परत आलं आणि पुन्हा बांधून २०११ मध्ये उघडलं. भिंती आता आत तोंड करून आहेत.

हे मी इतकं लांबवतोय, कारण स्केचबुक घेऊन जाणारा प्रत्येक माणूस सिडनीतल्या त्या सुताराच्या जागी उभा असतो. पेन्सिलीनेही घर उलटं करता येतं. एक फळी निवडायची, तिची वेटोळी टिपायची, खाली ‘माओरी डिझाइन’ लिहायचं, झालं. कोणाची फळी, कोणी कोरली, कशासाठी, काही नाही.

उलट टोकाचं उदाहरण सांगतो, कॅप्टन कुकच्या ‘एन्डेव्हर’ जहाजावरचं. जहाजावर सिडनी पार्किन्सन हा पगारी चित्रकार होता. त्याची मोको गोंदलेल्या चेहऱ्यांची चित्रं सगळ्यांनी पाहिली असतील. पण त्याच जहाजावर तुपाइआ होता, राइआतेआ बेटाचा, नौकानयन जाणणारा पुरोहित. त्याने १७६९ मध्ये काढलेलं एक साधंसं जलरंगातलं चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. एक माओरी माणूस आणि जहाजावरचा वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स समोरासमोर उभे. माओरी माणसाच्या हातात मोठा क्रेफिश, म्हणजे शेवंड, बँक्सच्या हातात कापडाचा तुकडा. समोरच्याची वस्तू हाती पडेपर्यंत आपली सोडायला कोणीच तयार नाही. भाजी घेताना आपणही असेच उभे असतो, हसा खुशाल! शरीरशास्त्र पार्किन्सनचं चांगलं, यात वाद नाही. पण दोन माणसांमध्ये काय चाललंय ते तुपाइआने पकडलं, आणि दोघांनाही सारखंच उंच काढलं. मला आपल्या सहलीतून तशी चित्रं हवी आहेत.

चिठ्ठी आलीय, वेळ संपत आला. मग १८६३ भराभर सांगतो.

होतुनुईजवळच ‘ते तोकी-आ-तापिरी’ ही माओरी युद्धनौका आहे. २५ मीटर लांब, शंभर माणसं बसतील एवढी. साधारण १८३६ मध्ये हॉक्स बेच्या वाइरोआजवळ तिचा सांगाडा घडवला. मग ती एका नावाजलेल्या झग्याच्या बदल्यात रोंगोफाकाता लोकांकडे गेली आणि त्यांच्या कारागिरांनी ती कोरली. त्यांत राहारुही रुकुपो होता. हातोहात फिरत ती मानुकाऊच्या ‘न्गाती ते आता’ या माओरी लोकांकडे आली. १२ जुलै १८६३ ला ब्रिटिश जनरल कॅमेरॉनच्या फौजेने ऑकलंडच्या दक्षिणेचा, वाइकातोच्या माओरींच्या हद्दीवरचा मंगाताफिरीचा ओढा ओलांडला, वाइकातोचं युद्ध पेटलं, आणि त्याच साली ही नौका सरकारी फौजेने जप्त केली. ‘न्गाती ते आता’ लोक लढाईत नव्हते, तरी केली. याच रुकुपोने घडवलेलं ‘ते हाऊ की तुरांगा’ हे सभाघर सरकारने १८६७ मध्ये उचलून नेलं, आज ते वेलिंग्टनला ‘ते पापा’ या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आता दुपारचं अल्बर्टन. ते बांधलं १८६३ मध्येच. बांधणारा अॅलन केर टेलर भारतात जन्मलेला, कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्याचा मुलगा. पुढे घर अठरा खोल्यांचं झालं, लांब वरांडे आले, कोपऱ्यांवर घुमटीसारखे मनोरे आले. ते पाहिलं की आपल्यातल्या कोणालाही कॅंटोन्मेंटमधले जुने बंगले आठवतील. इथली जमीन जप्तीतली होती असं मी म्हणत नाही. ज्या साली नौका हिसकावली गेली त्याच साली, त्याच मानुकाऊपासून जवळ, हे घर निवांतपणे उभं राहत होतं, एवढंच म्हणतो.

आणि तिसरी गोष्ट आपलीच आहे. दक्षिणेला जाताना बॉम्बेच्या पाटीखाली फोटो काढला नाही असा माणूस या सभागृहात नसेल. ते गाव आपल्या मुंबईवरून थेट नाही, ‘बॉम्बे’ नावाच्या जहाजावरून आहे. त्या जहाजातून वसाहतवाले ऑकलंडला उतरले तेही १८६३ मध्येच. शेजारून जाणारा ग्रेट साउथ रोड फौजेसाठी बांधलेला. त्याच डिसेंबरात जमिनी जप्त करण्याचा कायदा झाला, आणि वाइकातोची सुमारे १२ लाख एकर जमीन गेली. १९९५ मध्ये तडजोड झाली, तेव्हा माफीचा मजकूर असलेल्या त्या कायद्यावर राणी एलिझाबेथनं इथे येऊन स्वतः सही केली.

म्हणून काकू, एकच दिवस. कागद आडवा धरा. डावीकडे नौकेचं नाक, उजवीकडे वरांड्याचा खांब आणि मनोरा. दोन्हींखाली १८६३ लिहा, आणि सालाशेजारी माणसं लिहा : रोंगोफाकाता, रुकुपो, ‘न्गाती ते आता’, केर टेलर. मध्ये जागा मोकळी सोडा, ती बॉम्बेसाठी. तिथे त्या दिवशी पोचणं होणार नाही, त्यासाठी वेगळी गाडी काढावी लागेल. ज्यांच्या गाडीत जागा आहे त्यांनी बाहेर जाताना दाराजवळच्या वहीत नाव लिहावं.