आईच्या नावाचा राजा: स्वेन एस्ट्रिडसनचं घराणं

साल साधारण 1026. डेन्मार्कमधलं रॉस्किल्ड गाव. राजा कनूट आणि त्याचा मेहुणा उल्फ बुद्धिबळ खेळतायत. कनूट चुकीची चाल करतो, उल्फ त्याचा घोडा मारतो, तर कनूट म्हणतो थांब, ती चाल धरायची नाही, मी परत खेळतो. उल्फ भडकतो, पटच उलथवतो आणि उठून निघतो. मागून कनूट टोमणा मारतो, पळतोस काय रे भित्र्या, तर दारातून उल्फ उत्तर देतो की त्या नदीवरच्या लढाईत स्वीडनवाले तुम्हाला कुत्र्यासारखं झोडपत होते तेव्हा मी मदतीला आलो नसतो ना, तर तुम्ही याच्यापेक्षा लांब पळाला असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कनूटची माणसं उल्फला चर्चमध्ये गाठून मारतात. आधी पाठवलेला पोरगा हात हलवत परत आलेला, का तर म्हणे तो देवळात होता, मग दुसरा गेला आणि आत घुसून त्यानं तलवार आरपार घातली.

आता हा सीन लिहिलाय स्नोरी स्टुर्लुसन या आइसलंडच्या माणसानं, तोही जवळपास दोनशे वर्षांनी, त्यामुळे डायलॉग शब्दशः खरे धरू नका. पण कनूटच्या हुकमावरून उल्फ मारला गेला हे पक्कं आहे. आणि आपली गोष्ट आहे उल्फच्या पोराची, ज्याच्या मामानंच त्याचा बाप मारला. त्याचं नाव स्वेन. पुढे तो डेन्मार्कचा राजा झाला आणि इतिहासात राहिला स्वेन एस्ट्रिडसन म्हणून, म्हणजे एस्ट्रिडचा मुलगा. त्या काळात तिकडे बापाचं नाव लावायची रीत, उल्फचा मुलगा म्हणून उल्फसन व्हायला हवं होतं. यानं आईचं लावलं. का, ते कळायला आधी त्याचं आजोळ बघावं लागतं.

आजोळ म्हणजे काय साधंसुधं नाही. खापरपणजोबा गोर्म, डेन्मार्कच्या राजांची खात्रीची वंशावळ इथूनच सुरू होते. पणजोबा हॅराल्ड ब्लूटूथ. हो, तोच, तुमच्या फोनमध्ये रोज चालू-बंद करता तो, आणि ते चिन्ह म्हणजे त्याच्या नावाची दोन रूनिक, म्हणजे तिकडच्या जुन्या लिपीतली, अक्षरं एकमेकांत गुंतवलेली आहेत. येलिंग गावात त्यानं उभा केलेला मोठा दगड आजही तिथेच आहे, त्यावर लिहिलंय की राजा हॅराल्डनं वडील गोर्म आणि आई थिराच्या स्मरणार्थ हे उभारलं, तोच हॅराल्ड ज्यानं सगळं डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकलं आणि डेन लोकांना ख्रिश्चन केलं. म्हणजे दगड आईवडिलांच्या नावानं, आणि निम्मा मजकूर स्वतःच्या कौतुकाचा!

या हॅराल्डविरुद्ध बंड केलं त्याच्याच मुलानं, त्याचंही नाव स्वेन, दुभंगलेल्या दाढीमुळे फोर्कबिअर्ड म्हणतात तो. हा आपल्या स्वेनचा आईकडून आजोबा. 1013 मध्ये यानं इंग्लंड घेतलं आणि काही आठवड्यांतच, फेब्रुवारी 1014 मध्ये, मेला. मग त्याच्या मुलानं, म्हणजे आपल्या बुद्धिबळवाल्या कनूटनं, इंग्लंड, डेन्मार्क, नॉर्वे असं सगळं एका हाताखाली आणलं. कनूटची बहीण एस्ट्रिड. तिचा नवरा उल्फ.

आणि उल्फकडची बाजू? तिथे राजा कुणीच नाही. सॅक्सो नावाच्या डॅनिश इतिहासकारानं सांगितलंय की स्वीडनमध्ये एका अस्वलानं मुलगी पळवून नेली, तिला मूल झालं आणि त्या वंशात पुढे उल्फ झाला. आता सिंहासन मागायला जाताना माझे पूर्वज अस्वल होते असं सांगणार का, की माझी आई राजाची मुलगी, राजाची नात आणि राजाची बहीण आहे असं सांगणार? स्वेननं जे केलं ते कुणीही केलं असतं. वर आईला त्यानं राणी म्हणवलं, जरी ती कुठल्याच राजाची बायको नव्हती. एस्ट्रिडबद्दल आपल्याला फार कमी माहिती आहे. सॅक्सो म्हणतो नवऱ्याच्या खुनाबद्दल भावानं तिला भरपाई म्हणून जमीन दिली, तिनं ती रॉस्किल्डच्या चर्चला देऊन टाकली आणि तिथे लाकडी चर्चच्या जागी दगडी बांधलं. इतक्या ओळींत ती संपते, आणि तरी सगळं राजघराणं तिच्या नावानं ओळखलं जातं.

स्वेन काही लगेच राजा झाला नाही. बाप गेल्यावर तो स्वीडनच्या राजाकडे बरीच वर्षं चाकरीला होता. 1035 मध्ये मामा गेला, 1042 मध्ये मामेभाऊ हार्थाकनूट लंडनजवळ एका लग्नात दारूचा प्याला हातात असतानाच कोसळून मेला. हार्थाकनूटनं नॉर्वेच्या मॅग्नसशी आधीच करार केलेला, की दोघांपैकी जो आधी मरेल त्याचं राज्य दुसऱ्याला, त्यामुळे डेन्मार्क मॅग्नसकडे गेलं. मॅग्नसनं स्वेनला आपला यार्ल, म्हणजे मोठा सरदार केलं, शपथ घेऊन घेतली, आणि स्वेननं थोड्याच दिवसांत स्वतःला राजा जाहीर केलं. मग लढाया. त्यात हा बहुतेक वेळा हरला. 1047 मध्ये मॅग्नस मेला तर नॉर्वेच्या गादीवर आला हॅराल्ड हार्डराडा, त्यानं तर दरसाल येऊन किनारे लुटायचा सपाटाच लावला, 1062 ला नीसाच्या समुद्री लढाईत स्वेनचा पार धुव्वा उडवला, तरी 1064 मध्ये तह करावा लागला तो हार्डराडालाच आणि डेन्मार्क राहिलं स्वेनकडे. मला विचाराल तर हरूनही टिकून राहण्यात या माणसाचा हात कुणी धरला नसता.

याच सुमारास नात्यागोत्याचं जाळं इंग्लंडमध्ये ताणलं जात होतं. उल्फची बहीण गिथा, म्हणजे स्वेनची आत्या, इंग्लंडच्या गॉडविन नावाच्या मोठ्या सरदाराला दिलेली. तिचा मुलगा हॅरॉल्ड गॉडविन्सन, जानेवारी 1066 मध्ये इंग्लंडचा राजा झाला. सप्टेंबरमध्ये याच आतेभावानं स्टॅमफर्ड ब्रिजला हार्डराडाला मारलं, स्वेनच्या डोक्याची कटकट कायमची गेली, आणि तीन आठवडे व्हायच्या आत हेस्टिंग्जला नॉर्मंडीच्या विल्यमसमोर हॅरॉल्ड स्वतः पडला. हॅरॉल्डची मुलगी, तिचंही नाव गिथाच, स्वेनच्या आसऱ्याला आली आणि सॅक्सो सांगतो की स्वेननं तिचं लग्न लावलं रशियाकडच्या राजपुत्राशी, म्हणजे व्लादिमीर मोनोमाखशी. पुढे 1069 मध्ये स्वेननं इंग्लंडवर दोनशेच्या वर जहाजं पाठवली, यॉर्क घेतलंही, पण शेवटी विल्यमशी तडजोड करून परत फिरले.

स्वेन नुसता तलवारवाला नव्हता बरं का. ब्रेमेनचा अ‍ॅडम नावाचा जर्मन धर्मगुरू त्याला भेटला होता, तो लिहितो की उत्तरेकडच्या लोकांचा सगळा इतिहास या राजाच्या डोक्यात लिहून ठेवल्यासारखा होता. समुद्रापलीकडे विनलंड नावाचं बेट आहे, तिथे रानात आपोआप द्राक्षं येतात, ही बातमी अ‍ॅडमला स्वेनकडून कळली. अमेरिकेच्या किनाऱ्याचा हा सगळ्यात जुना लेखी उल्लेख!

पण घरची बाजू जरा घोळाची. बायको गुनहिल्ड, स्वीडनची. चर्चनं सांगितलं नातं फार जवळचं आहे, वेगळे व्हा. स्वेन आधी चिडला, मग वेगळा झाला. आणि पुढे मुलं झाली ती बहुतेक लग्नाबाहेरची, वीसच्या आसपास आकडा सांगतात. त्यातले पाच मुलगे एकामागून एक राजे झाले. 1076 ला स्वेन गेल्यावर आधी हॅराल्ड, मग कनूट, ज्याला 1086 मध्ये लोकांनी उठाव करून ओडेन्स गावच्या चर्चमध्ये मारलं आणि 1101 मध्ये संत करून टाकलं. मग ओलाफ, याच्या काळात इतका दुष्काळ पडला की त्याच्या नावाला भूक हाच शब्द चिकटला. मग एरिक, जेरुसलेमच्या यात्रेला निघालेला, 1103 मध्ये सायप्रसला वारला. शेवटी नील्स, यानं तीस वर्षं राज्य केलं, पण त्याच्या मुलानं 1131 मध्ये एरिकच्या मुलाचा, म्हणजे आपल्याच चुलतभावाचा, कनूट लावार्डचा खून केला. त्यानंतर आठवड्याभरानं कनूट लावार्डच्या बायकोला मुलगा झाला, वाल्डेमार. नील्सला श्लेस्विगच्या लोकांनी 1134 मध्ये मारलं, आणि 1157 मध्ये तो वाल्डेमार अख्ख्या डेन्मार्कचा एकटा राजा झाला.

आता रॉस्किल्डच्या कॅथेड्रलमध्ये या. इथे एका खांबात स्वेनच्या अस्थी आहेत आणि दुसऱ्या खांबातल्या अस्थी त्याच्या आईच्या, एस्ट्रिडच्या, असं शेकडो वर्षं मानलं जायचं. संशोधकांनी दोघांच्या दातांमधून डीएनए काढला. मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडूनच मुलांकडे येतो, म्हणजे माय-लेक असतील तर तो जुळलाच पाहिजे. 2007 मध्ये निकाल छापून आला. जुळला नाही. शिवाय ती बाई मेली तेव्हा पस्तिशीची, आणि एस्ट्रिड तर म्हातारपणापर्यंत जगली. मग ही कोण? संशोधकांचा अंदाज असा की स्वेनचा मुलगा हॅराल्ड, त्याची बायको मार्गारेटा, तिलाही एस्ट्रिड म्हणायचे, तीच असावी. म्हणजे आजेसासूच्या नावानं ओळखली गेली ती बहुधा नातसून!